घाबरलेला चेहरा काढणारे मास्तर

मास्तरांनी उभ्या जन्मात कोणाला एक रेघ ओढायला शिकवली नाही, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत. छापखान्यात कोणीतरी थट्टेने म्हटलं आणि ते जे चिकटलं ते कायमचं. खरं नाव त्यांच्या कामावर कधी छापलंच गेलं नाही. पुस्तकावर लेखकाचं नाव असे, प्रकाशकाचं असे, आतल्या पानावर छापखान्याचा पत्तासुद्धा असे. मुखपृष्ठ रंगवणारा तेवढा निनावी. आणि गिऱ्हाईक पुस्तकाला हात घालायचं ते मात्र त्याच्याच चित्रामुळे.

ही पुस्तकं म्हणजे कोटाच्या खिशात मावतील अशा रहस्यकथा. स्टेशनावरच्या स्टॉलवर, बसथांब्याजवळच्या टपरीत दोरीला चिमटे लावून टांगलेल्या असत. कागद असा की नुसतं बघितलं तरी पिवळा पडावा, बांधणी अशी की दुसऱ्या वाचकाच्या हाती अर्धीच गोष्ट पोचावी. मुखपृष्ठ मात्र झगझगीत. अंधारा जिना, भिंतीवर सुऱ्याची सावली आणि समोर एक बाई, भीतीने पांढरीफटक पडलेली. मास्तरांचा बोलबाला झाला तो त्या बाईमुळे. सुरा कोणीही काढतं, पिस्तूल तर शाळेतली पोरं वहीच्या मागच्या पानावर काढतात. पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा घाबरलेला चेहरा काढावा तो मास्तरांनीच, असं त्या धंद्यात सगळे म्हणत.

हा चेहरा त्यांना सहजासहजी सापडला नव्हता. सुरुवातीला ते बायकोलाच समोर बसवत. ती घरी शिवणकाम करायची. हातातलं काम बाजूला टाकून बिचारी यायची, अंगाभोवती शाल घ्यायची. उजेड खालून पडावा म्हणून टेबललॅम्प जमिनीवर ठेवला जायचा आणि मास्तर म्हणायचे, "हं, घाबर." झालं! तिला हसू फुटायचं. ओठ दाबून धरायची, गाल आत ओढायची, शेवटी खांदे गदगदा हलायला लागायचे. मरून पडलेली बाई हवी म्हणून खाटेवर निजवावं, तर त्या प्रेतालाही हसू आवरायचं नाही.

"अहो, तुम्ही असं टक लावून बघायला लागलात की मला हसूच येतं," ती म्हणायची. "त्याला मी काय करू?"

प्रकाशक चित्र हातभर लांब धरायचा, मग नाकाशी आणायचा, आणि परत करायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, या बाईने खून पाहिलेला नाही. हिला शिंक येतेय."

एका दुपारी मुलगी शाळेतून आली. आठ-नऊ वर्षांची असेल. दप्तर टाकून नेहमीसारखी "माझं मांजर कुठंय?" म्हणून ओरडली. मास्तर परत आलेल्या चित्रापुढे डोकं धरून बसले होते. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मान वर करून, चहा झालाय असं सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "तुझं मांजर ट्रकखाली आलं."

पोरीचा चेहरा जो झाला तो मास्तर बघतच राहिले. डोळे फारसे मोठे झाले नाहीत, तोंडही वासलं नाही. गळ्याची एक शीर तेवढी ताणून वर आली आणि वरचा ओठ एका बाजूने किंचित उचलला गेला. भीती डोळ्यांत असते असं ते आजवर समजत होते. ती गळ्यात असते. त्यांनी हाताला लागेल त्या कागदावर चार रेघा ओढल्या आणि मग म्हणाले, "नाही गं, कपाटावर झोपलंय बघ." पोरीने भोकाड पसरलं, मांजर उराशी धरलं, थोड्या वेळाने हसलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत चित्र पुरं झालं. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आतली गोष्ट काय होती ते आज कोणालाही आठवत नाही.

तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण मास्तरांना चटक लागली. महिन्याला पुस्तकं निघत होती, दर पुस्तकाला एक घाबरलेली बाई लागत होती, आणि घरात दोन खरे चेहरे होते.

मास्तरांनी त्याचं शास्त्रच बनवलं. वाईट बातमी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जर दुःख दिसलं, तर ऐकणारा त्या चेहऱ्याकडे बघतो आणि रडायला लागतो. रडणं काही कामाचं नाही. रडक्या बाईकडे बघून कोणी खिशात हात घालत नाही. सांगणाऱ्याचा चेहरा कोरा हवा. शब्द कानात शिरावेत आणि चेहऱ्याकडून काहीच कळू नये, त्या मधल्या क्षणात खरी भीती उमटते. ती टिपायची. म्हणून मास्तर दाढी करताना आरशात बघून सराव करत. "घर जळालं." "डॉक्टर म्हणाले, आशा नाही." गालावर साबण, हातात वस्तरा, आणि तोंडावरची माशीसुद्धा हलत नाही. काही वर्षांत त्यांचा चेहरा असा तयार झाला की मनात काय चाललंय याचा कोणाला थांगपत्ता लागू नये.

बायकोला एकदा त्यांनी सांगितलं की तुझ्या भावाला अपघात झालाय, फोन आला होता. ती शिवणयंत्रावर होती. पाय थांबला नाही आणि सुई बोटातून आरपार गेली. मास्तरांनी आधी चार रेघा काढल्या, मग सुई काढली. बोटाला पट्टी बांधताना "अगं, चित्रासाठी होतं" असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

"माझ्याशी काय वाटेल ते करा," ती म्हणाली. "मी जाणून-बुजून हे घर धरलंय. पण पोरीला यात ओढू नका. तिला एक दिवस काहीच खरं वाटेनासं होईल."

मास्तरांनी शब्द दिला. तो पुढच्या मुखपृष्ठापर्यंत टिकला.

ते दुष्ट होते का? असं म्हणायला जीभ रेटत नाही. पोरीला ताप आला की उशाशी बसून राहणारा माणूस होता तो. तिच्या वह्यांवर पऱ्या काढून द्यायचा, घोड्यासारखा पाठीवर घेऊन खोलीभर फिरायचा. पण चित्र समोर असलं की त्यांच्या लेखी घरातली माणसं माणसं राहत नसत, आणि हे त्यांना कोणी सांगितलं तरी कळत नसे. कारण चित्रं खरोखर चांगली होत होती. माणसाला आपली चूक दिसत नाही, आणि तिचं कौतुक व्हायला लागलं तर मग बघायलाच नको.

घराने आपल्या परीने तोड काढली. कोणतीही बातमी आली की मायलेकी एकच प्रश्न विचारायच्या: "खरं की चित्रासाठी?" शेजारीण वारल्याचं सांगितलं तरी तेच, पाव संपल्याचं सांगितलं तरी तेच. मुलगी मोठी होत गेली तशी भलतीच सराईत झाली. बापाने तोंड उघडायचा अवकाश, ती खिडकीच्या उजेडाकडे अर्धी वळायची, हनुवटी वर करायची, गळ्याची शीर ताणायची आणि विचारायची, "डावा हात गळ्याशी ठेवू का बाबा?" मास्तर खूश. मुलगीही हसायची. बघणाऱ्याला वाटावं किती मजेचं घर आहे. आई तेवढी उठून आत जायची.

मग एकाएकी सगळं बसलं. लोक टीव्ही बघायला लागले, रहस्यकथांच्या दोऱ्या टपऱ्यांवरून उतरल्या, आणि जी थोडी पुस्तकं निघत त्यांची मुखपृष्ठं संगणकावर व्हायला लागली. प्रकाशकाने गोदाम रिकामं केलं तेव्हा मास्तरांची मूळ चित्रं रद्दीत गेली. मास्तरांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तेही काम संपल्यावर नुसते खिडकीत बसायला लागले. बोलणं आटलं. दिवसचे दिवस त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि चेहरा तर पहिल्यापासूनच कोरा. बायको म्हणायची, "अहो, निदान चिडा तरी. भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं मला." मास्तर चिडायचेही नाहीत. आपण जगलो तेच मुळात कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. तिथे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. बसने निघाली तर अर्ध्या दिवसात घरी पोचायची. दर रविवारी तिचा फोन यायचा, तो आईसाठी. बापाची चौकशी ती आईकडेच करायची.

आणि अशात एक दिवस दारात एक बाई उभी राहिली. हातातल्या पिशवीत जुन्या रहस्यकथा, एकेक प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली. मास्तरांना वाटलं रद्दीवाली आहे. ती म्हणाली, "या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवतेय मी. कित्येक वर्षं तुम्हाला शोधतेय. लोक जीव टाकतात हो या बायकांवर!"

जीव टाकतात! मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती दाराआड उभी होती. तिने मान खाली घातली.

प्रदर्शनवालीने आणखीही सांगितलं. जुन्या रहस्यकथा नव्याने छापायचं घाटत होतं. दोन पुस्तकांना मास्तरांनी नवी चित्रं काढून द्यावीत, हाताने, पूर्वीसारखी. एकात जिन्यावरची बाई, दुसऱ्यात इस्पितळातली खोली, खाटेवर रोगी. जिन्यावरच्या बाईचंच मोठं पोस्टर होणार होतं. आणि या खेपेला खाली चित्रकाराचं नाव.

मास्तरांनी वाळलेले ब्रश गरम पाण्यात भिजवले. हात थोडा कापत होता, पण कागदावर जिना उतरला, सावली उतरली, झग्याच्या चुण्यासुद्धा उतरल्या. चेहरा मात्र येईना. आठवून काढला तर मेणाचा वाटे. जुन्या मुखपृष्ठावरून उचलला तर नकलेची नक्कल. त्यांनी आरसा घेतला आणि घाबरायचा प्रयत्न केला. आरशात एक म्हातारा त्यांच्याकडे बघत होता, त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

शेवटी बायकोला म्हणाले, "जरा बसतेस का समोर?"

तिची छाती अलीकडे धडधडायची, जिना चढली तर पायरीवर टेकावं लागायचं. ती म्हणाली, "आता मला कधीकधी खरोखरच भीती वाटते. पण ती तुम्हाला दाखवायची नाही असं मी ठरवलंय."

एवढं ऐकून दुसरा कोणी असता तर त्याने ब्रश खाली ठेवला असता. मास्तरांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. त्यांच्या डोक्यात फक्त तो न उमटणारा चेहरा होता. आणि पोस्टर होतं, खाली नाव होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी दार ठोठावलं होतं आणि आता जर हात रिकामे निघाले, तर आयुष्यभर जे केलं ते सगळंच रद्दी, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बायको पडवीत कपडे वाळत घालत असताना मास्तरांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. बापाने आपणहून फोन करायची ही पहिलीच वेळ. ती दुकानात होती, मागे काचेच्या कपाटात चष्म्यांच्या रांगा दिसत होत्या. "काय हो बाबा?" तिने चटकन विचारलं.

मास्तर म्हणाले, "आई न्हाणीघरात पडली. उठत नाहीये."

इतक्या वर्षांत ती खेळ विसरली होती. प्रश्न विचारायचं तिला सुचलंच नाही. गळ्याची शीर वर आली, वरचा ओठ एका बाजूने उचलला गेला, आणि तोच, अगदी तोच चेहरा, आता चाळिशीतल्या बाईचा, त्या छोट्या काचेत उमटला. मास्तरांचा हात थरथरला नाही. चार रेघा झाल्या. मग ते म्हणाले, "नाही गं. बाहेर कपडे वाळत घालतेय. चित्रासाठी हवं होतं."

मागून कोणी गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं. मग ती रडायला लागली, आणि रडणं थांबल्यावर म्हणाली, "बाबा, मी लहान होते तेव्हा ठीक होतं. नाही, तेव्हाही ठीक नव्हतं. आता शेवटचं सांगते. यापुढे तुमच्या तोंडून आलेलं मी काहीच खरं मानणार नाही. काहीच."

आईने तिला संध्याकाळी फोन करून समजावलं. काय बोलल्या ते मास्तरांना कळलं नाही. चित्र मात्र असं झालं की प्रदर्शनवालीने ते बघितलं आणि ती खुर्ची ओढून त्याच्यासमोरच बसली. मास्तरांनी आजवर काढलेल्या सगळ्या चेहऱ्यांत हा सरस होता. त्यांनाही ते दिसत होतं. बायकोने चित्राकडे एकदा बघितलं, ओळखलं, आणि जेवली नाही.

"आता त्या इस्पितळाच्या खोलीचं चित्र कधी?" प्रदर्शनवालीने जाताना विचारलं. पुढे पोस्टरच्या बातमीबरोबर तिने हेही वर्तमानपत्रात छापून आणलं, की मास्तर आता रोग्याच्या खाटेचं चित्र काढत आहेत. ती बातमी मुलीनेही वाचली.

पोस्टर शहरभर लागायच्या आठवड्यात बायको स्वयंपाकघरात खाली बसली ती उठली नाही. शेजारच्यांनी गाडी आणली. इस्पितळात तिच्या नाकात नळ्या घातल्या, छातीला तारा चिकटवल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "ज्यांना बोलवायचं असेल त्यांना आत्ताच बोलवा. आजचा दिवस निघेल असं वाटत नाही."

मास्तर खाटेशी आले. बायकोने डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल? "पोरगी निघाली का?"

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. व्हिडिओ लावला, म्हणजे तिला दिसेल. दुसऱ्या टोकाला पुन्हा ती काचेची कपाटं, त्या चष्म्यांच्या रांगा. मुलगी थंडपणे म्हणाली, "बोला."

"आईला इस्पितळात आणलंय. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस जाणार नाही. लगेच नीघ."

हेच शब्द त्यांनी आरशात किती वेळा घोटले होते! आतून त्यांचं काळीज फाटत होतं. पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. वाट बुजली होती. मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि तिला दिसत होता तोच चेहरा, ज्याने तिला मांजर मेल्याचं सांगितलं होतं.

"खाटेचं चित्र राहिलंय ना तुमचं?" ती म्हणाली. "वाचलं मी. तुमच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही हो बाबा. निदान आवाज तरी कापू द्यायचा होता."

"अगं, खरंच सांगतोय. देवाशपथ. थांब, हे बघ, आईला दाखवतो."

त्यांनी फोन बायकोच्या तोंडासमोर धरला. आणि काय झालं? तिने डोळे उघडले, समोर लेकीचा चेहरा दिसला. किती दिवसांनी! तिला आनंद झाला आणि ती हसली. नळ्या, तारा, पांढरी चादर, आणि त्यात ती हसते आहे. बोलायला गेली पण दम लागला, खांदे हलले, आणि आणखी हसल्यासारखं दिसलं.

मुलीने उभ्या बालपणात आईला असंच बघितलं होतं. खाटेवर प्रेत होऊन निजलेली, ओठ दाबूनही हसू न आवरणारी.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता खरोखर दुखावलेला होता, "तूसुद्धा? तूसुद्धा त्यांच्यासाठी?"

फोन बंद झाला. मास्तरांनी परत लावला, तो लागेना. पुन्हा लावला. तिने बंद करून ठेवला होता. ते खोलीबाहेर धावले, एक नर्स दिसली, तिला म्हणाले, तुम्ही करा फोन, माझ्या मुलीला करा, इस्पितळातून करा, तिला माझं पटत नाही. नर्स दुसऱ्या रोग्याकडे निघाली होती. "येते हं, थोड्या वेळात करते," म्हणाली. मास्तर पुन्हा खाटेशी आले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणाला तरी खरी बातमी द्यायची होती आणि ती घ्यायला कोणी नव्हतं.

बायको जागी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मास्तरांना वाटलं आता ही आपल्याला शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. ती श्वास जमवत हळूहळू बोलली. "राहू द्या. नका लावू फोन. बरोबर वागली ती."

"अगं, काय बोलतेस? तुला तिला भेटायचं नाही?"

"भेटायचंय हो." डोळ्यांच्या कडांनी पाणी वाहत होतं. "पण बरोबर वागली. तिने तरी आता फसायचं का म्हणून? तिला सांगा. आई म्हणाली, तू बरोबर वागलीस. मनाला लावून घेऊ नकोस. तेवढं नक्की सांगा. नाहीतर ती जन्मभर कुढेल."

मास्तरांनी मान हलवली. तिचा हात हातात घेतला, बोटावरचा सुईचा वण त्यांच्या अंगठ्याखाली आला. त्यांना माफी मागायची होती, पण चाळीस वर्षांची माफी कुठून सुरू करायची ते समजेना. ते समजेपर्यंत तिचा डोळा लागला. मग यंत्राचा आवाज बदलला, माणसं धावत आली, मास्तरांना बाहेर काढलं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते वाचायला कोणाला चित्रकार असायची गरज नव्हती.

मुलीला नर्सने इस्पितळाच्या फोनवरून, दुकानाच्या नंबरावर कळवलं. ती पोचली तेव्हा दिवस मावळत होता. आत गेली. मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते, भिंतीला पाठ लावून. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिच्याकडे बघायची मास्तरांना छाती झाली नाही. जन्मभर ज्या चेहऱ्याच्या मागे लागले तो आता हातभर अंतरावर होता, आणि ते पायांच्या बोटांकडे बघत राहिले.

"ती मला बघून हसली होती," मुलगी म्हणाली. "आणि मी फोन बंद केला."

"हो."

"काही बोलली का ती? नंतर?"

मास्तर तिच्याकडे वळले. एवढी एकच गोष्ट द्यायची होती, आणि ती खरी होती. अक्षर न अक्षर खरी. ते म्हणाले, "म्हणाली, बरोबर वागली ती. तिला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस. असंच म्हणाली."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. कपाळ, डोळे, ओठांच्या कडा, सगळं शोधलं. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघायची सवय असलेली बाई ती. तिला त्या चेहऱ्यावर काहीतरी सापडायला हवं होतं, आणि मास्तर जीव खाऊन काहीतरी दाखवायचा प्रयत्न करत होते. गालाचा स्नायूसुद्धा हलत नव्हता.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मला आता नेमकं हेच ऐकायला हवं होतं. म्हणूनच तुम्ही हे सांगताय का?"

"नाही गं. खरंच म्हणाली."

"कोण होतं तिथे? नर्स होती?"

"नाही. मी एकटाच."

तिने मान फिरवली. "मग आता मला कोण सांगणार, ती खरंच काय म्हणाली ते?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पुन्हा तेच वाक्य सांगावं, एवढंच त्यांच्यापाशी होतं. ते त्यांनी सांगितलं. मुलीने कानांवर हात ठेवले.